मागच्या दाराचं सिमेंट

नवरा आयिप गेल्याला चौसष्ट दिवस झाले, तरी येयेतला अजून रडू आलं नव्हतं. त्याची काळजी तिच्यापेक्षा गल्लीलाच जास्त. बाई गं, दगड झालीये ही, असं म्हणत बायका तिच्या तोंडाकडं बघायच्या, आणि ती त्यांच्याकडं भिंतीकडं बघावं तशी बघायची. पुढ्यात भात आला की खायची, कुणी झोप म्हटलं की आडवी व्हायची. नवऱ्याच्या निळ्या रबरी चपला पायात अडकवून घरभर फिरायची, मशीनच्या खोलीतसुद्धा. आता कावालू गावात घरात चपला घालतं का कुणी? पण नुकत्याच विधवा झालेल्या बाईला चपला काढ म्हणायला जीभ रेटायची कुणाची?

मशीन होती पंधरा डोक्यांची. म्हणजे एकच वेल एका वेळी पंधरा कापडांवर उमटायची. बायकांच्या नमाजाच्या पांढऱ्या झग्यांवर भरतकाम करायचं, हाच त्या घराचा धंदा. आयिप होता तोवर मशीन शहाण्या सुनेसारखी वागायची, कारण त्याचे नियम कडक होते. वीज गेली की आधी मेन स्विच खाली. वीज परत आली तरी दहा मिनिटं स्विचला हात लावायचा नाही. "पहिला झटका शेजाऱ्यांना खाऊ दे, आपण दुसऱ्या पंगतीला बसू," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

त्याचा चाळिसावा दिवस झाला, गल्ली जेवून गेली, आणि दोन-तीन दिवसांत मशीन बिघडली. आधी दोरे तुटायला लागले. कामाला असलेल्या तिघींतल्या नोनोहनं दोरा बदलला. पंधरा वर्षं ती या मशीनवर होती, हात तयार, जीभ त्याहून तयार. मग सुया मोडायला लागल्या. तिनं पंधराच्या पंधरा सुया बदलल्या, बॉबिन झाडली, तेल दिलं, दोऱ्याचा ताण सैल केला, परत आवळला. छे! मग नक्षीच सरकायला लागली. पान देठ सोडून बोटभर लांब. शेवटी मशीन भर कामात मध्येच थांबायची, पडद्यावर लाल आकडे यायचे आणि पंधराही सुया कापडात रुतून बसायच्या.

"तेतेह, अगं बघ तरी!" थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी नोनोह ओरडायची. "वीस झगे वाया गेले!"

"बरं," येयेत म्हणायची.

"बरं काय बरं? घर पेटलं तरी बरंच म्हणशील तू!"

 राग यायला हवा, हे येयेतला कळत होतं. नुसतं कळत होतं, एवढंच.

सोमवारी हाजी एंगकुस आले. मोठ्या रस्त्यावर त्यांचा कारखाना, तसल्या आठ मशिनी. माणूस वाईट नव्हता, पण धंद्याला तिखट. मशीनभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "मालकाबरोबर हिचाही जीव गेला म्हणायचा. भंगार व्हायच्या आत मला देऊन टाक. शुक्रवारी नमाज झाला की ट्रक आणतो. सुतकाचे महिने सरले की तूही ये कामाला, तुला कोण नाही म्हणतंय?"

"हो," येयेत म्हणाली.

एवढंच. चहा पिऊन हाजीसाहेब गेले, आणि नोनोह कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या तिघींच्या पोटावर एका शब्दात पाय दिलास! आयिपनं हे यंत्र उभं करायला हाडांची काडं केली, आणि तू 'हो' म्हणून मोकळी?"

"काय करायचं होतं मग?"

"नाही म्हणायचं होतं! तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

येयेतला वाटलं, हीही बरोबरच बोलतेय. तिनं चहाचे कप उचलले आणि विसळत बसली.

नोनोह हार मानणाऱ्यांतली नव्हती. बुधवारी तिनं यायानला बोलावून आणलं. अख्ख्या तालुक्यातल्या मशिनी दुरुस्त करणारा हा माणूस. तिशीचा, पोट सुटलेला, बोलण्यात गोड. दाराशी बूट काढून तो आत आला. येयेतच्या पायांकडं त्याचं लक्ष गेलं, पण तोही गप्पच राहिला. त्यानं आधी दोऱ्याची वाट तपासली, मग सुया, मग सुईखालचा दोरा ओढणारा आकडा. सगळं ठीक. कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरचा काटाही जागच्या जागी. डोकं खाजवत त्यानं मशीनच्या लोखंडी टेबलावर हात टेकला.

"आई गं!" तो केवढ्यानं तरी ओरडून मागं उडाला. "वीज उतरलीये हिच्या अंगात! तुम्हाला झिणझिण्या येत नाहीत?"

"येतात की," नोनोह म्हणाली. "तीन आठवडे झाले."

"आणि बोलला नाहीत?"

नोनोहनं डोक्यावरच्या ओढणीशी चाळा केला. आवाज खाली आला. "चाळिसाव्यानंतर सुरू झालं ना. आम्हाला वाटलं, त्यालाच जाववत नाहीये. कामावर बोट ठेवून बघतोय. मेलेल्या माणसाची तक्रार कुणाकडं करायची?"



"मला नाही लागत काही," येयेत म्हणाली आणि तळवा टेबलावर ठेवून उभी राहिली. खरंच काही लागत नव्हतं.

"बघा!" नोनोह म्हणाली. "बायकोला सोडून आम्हाला हात लावतोय. जिवंतपणी तर असा नव्हता!"

यायान मात्र खाली बघत होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "पायात रबर आहे तुमच्या."

येयेतनं चपलांकडं पाहिलं. एक काढली, मग दुसरी. फरशी गार होती. यायान "अहो, नको!" म्हणेपर्यंत तिनं परत हात ठेवलाही. बोटांतून कोपरापर्यंत मुंग्यांचं वारूळ फुटलं. दुखलं. चौसष्ट दिवसांत पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं, म्हणून तिनं हात काढलाच नाही. यायाननं झडप घालून मेन स्विच पाडला.

"मरायचंय का तुम्हाला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. हे मात्र अगदी खरं सांगितलं तिनं.

मशीनच्या अंगातली जास्तीची वीज जमिनीत जिरवायला एक तार असते. ती धरून यायान मागच्या दारापर्यंत गेला. तार भिंतीतून बाहेर आली आणि सिमेंटखाली गडप झाली. गुळगुळीत नवं सिमेंट होतं. मागं कायम चिखल असायचा, म्हणून चाळिसाव्याच्या आदल्या रविवारी गल्लीतल्या पुरुषांनी स्वतः घाम गाळून ते घातलं होतं. विधवेचा पाय घसरू नये, पाहुण्यांना हातपाय धुता यावेत, म्हणून. कोपऱ्यात खिळ्यानं आयिपचं नाव कोरलं होतं.

"दोन महिने पाऊस नाही," यायान म्हणाला, "त्यात वरून झाकण. टोकाची तांब्याची सळई सुक्या मातीत उभी असणार, वीज जिरणार कुठं? ती मशीनच्याच डोक्यात घोळ घालणार. दुसरीकडं ठोकावी तर खाली कातळ. इथं कुणी पाणी ओतायचं का हो?"

येयेत उंबऱ्यावर बसली. आयिप ओतायचा. रोज सकाळी दोन बादल्या. वर्षानुवर्षं ती त्याला बोलायची, काय हो, दगडाला पाणी घालून भात उगवणार आहे का? तो हसायचा आणि ओतायचा. जायच्या तीन दिवस आधी, अंथरुणात, त्यानं तिचं मनगट धरून स्पष्ट सांगितलं होतं, "मागं रोज दोन बादल्या ओत. सुकू देऊ नकोस." आणि आजाऱ्याला म्हणायचं असतं तसं ती "हो, हो" म्हणाली होती. मग सिमेंटवाले आले, "घालू ना?" म्हणाले, तेव्हाही ती "हो"च म्हणाली होती.

ती उठली, कोपऱ्यातली पहार घेतली आणि सिमेंटवर घातली.

आवाजानं गल्ली गोळा झाली. पुढं उवा ओमान, आयिपचे मोठे काका, सत्तरी ओलांडलेले. सिमेंटवर शेवटची थापी त्यांनीच फिरवली होती.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "आयिपच्या नावानं दुवा म्हणत घातलंय ते आम्ही. काय वाईट केलं आम्ही तुझं?"

"काही नाही, उवा."

"मग?"

"त्यांनी मला पाणी ओतायला सांगितलं होतं. मी हो म्हणाले होते." ती परत पहार उचलून म्हणाली, "आणि ओतलं नाही. एक दिवससुद्धा ओतलं नाही, उवा."

म्हाताऱ्यानं नावाच्या कोपऱ्याकडं बघितलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "आण इकडं. बायकांचं काम नाही ते. आणि त्या नावाच्या बाजूनं नको, इकडून फोडू."

तासाभरात सळईचं डोकं दिसलं. माती राखेसारखी भुरभुरीत झाली होती. यायाननं तारेचं हिरवं पडलेलं टोक घासून चकचकीत केलं, नवी पट्टी आवळली. येयेत पाणी ओतत राहिली. चौथ्या बादलीपर्यंत तर माती घोट घेतल्यासारखा आवाज करत होती. गुरुवारी दुपारी मशीन सुरू झाली. टेबलाला झिणझिणी नाही, पडद्यावर लाल आकडे नाहीत, पान देठाला चिकटलेलं. नोनोह टेबलावर तळवा ठेवून हळूच म्हणाली, "गेला बरं का." आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं डोळे पुसले. येयेतनं नाही.

शुक्रवारी नमाजानंतर ट्रक आला. सोबत सहा हमाल. हाजीसाहेबांनी दारातूनच आवाज ऐकला आणि थबकले. "चालतेय की! मग तर चांगलंच. पण येयेत, ठरल्याप्रमाणे नेतो हां मी. तू शब्द दिलायस."

"दिलाय," येयेत म्हणाली.

"मग सांग पोरींना बंद करायला."

"हाजीसाहेब, तुमच्या आधी मी आमच्या ह्यांना हो म्हणून बसलेय." तिचा आवाज चिरकला, तिलाच नवल वाटलं. "तो शब्द आधीचा आहे. तो पाळून झाला की तुमच्याकडं बघू."

"आणि तो कधी पाळून होणार?"

"रोज दोन बादल्या आहेत," ती म्हणाली. "रोज."

हाजींनी तिच्याकडं पाहिलं, उवा ओमानकडं पाहिलं, आणि हमालांना हातानं खूण केली. वाद घालायला काही उरलं नव्हतं. ट्रक मागं घेताना ड्रायव्हरनं कुणाच्या तरी कुंडीला धडक दिली, त्याचीच आरडाओरड जास्त झाली.

येयेत पायरीवर बसली आणि रडायला लागली. हुंदके वगैरे नाहीत, सरळ भोकाड, लहान मूल हरवल्यावर पसरतं तसं. अख्खी गल्ली दारात आली. आत नोनोहनं घाबरून मशीन बंद केली आणि धावत बाहेर आली.

"थांबवलीस कशाला?" येयेत रडता रडता तिच्यावर खेकसली. "चालू ठेव! चालू दे म्हणते ना!"