बुधवारची लादी

आकडे फारच सारखे येताहेत, हे व्हर्ना हुडाकला पहिल्यांदा खटकलं ते मार्चमध्ये. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातल्या रबर कारखान्यात माल तपासण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. रबर किती लहरी असतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. थंडी वाढली, गंधक चिमूटभर कमीजास्त पडलं, की माल बदलायचा. मग पाणबुडीच्या अंगाला चिकटवायच्या या लाद्या चार आठवडे एकसारख्या कशा उतरत होत्या?

साचाविभागातून दर बुधवारी नमुन्याची एक लादी यायची. व्हर्ना ती साबणाच्या पाण्याने पुसायची, एकही बुडबुडा चिकटून राहू नये म्हणून रात्रभर भिजत ठेवायची. गुरुवारी टाकीत साखळीने सोडून तिच्यावर आवाज सोडायची आणि किती परत येतो ते मोजायची. लादीच्या पोटात बारीक पोकळ्या असत; आवाज त्यांत शिरला की जिरायचा. प्रतिध्वनी जितका कमी, तितकी पाणबुडी सापडायला कठीण. मोजून झालं की लादी साचाविभागात परत.

लादी आणायचा तिथला मुकादम, एमेट स्टिडम. व्हर्नाच्या नवऱ्याची शवपेटी हातांवर उचलून नेणाऱ्या सहा जणांत तो होता. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे तिची तिलाच लाज वाटे. तरी पाचव्या गुरुवारी तिने मोजलेल्या लादीच्या कडेला नखाएवढी चीर पाडली आणि ती परत पाठवली.

पुढच्या बुधवारी एमेट आला.

"काय गं, तोंड का असं? चर्चच्या जेवणातले पिरोगी बाधले की काय?"

"माझ्या तोंडाचं राहू दे. ही कालच्याच मालातली ना?"

"नाही तर काय, माझ्या आजोबांच्या वेळची?" तो हसला, पण त्याची नजर तिच्या हातांवर होती.

तो गेल्यावर तिने लादी उलटी केली. क्रमांक नवा होता. चीर तीच होती.

जेवणाच्या सुट्टीत ती थेट मालाच्या कोठारात गेली आणि एका खोक्याच्या मधोमधची लादी स्वतः उपसून आणली. दुसऱ्या दिवशी टाकीत सोडली, तर काटा दुपटीच्या वर उडाला. तिने लादी मधोमध कापली. निम्म्या पोकळ्या रबराने बुजल्या होत्या.

तिने एमेटला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून चाललंय हे?"

त्याने कापलेल्या लादीकडे पाहिलं. "साच्यातल्या, पोकळ्या पाडणाऱ्या खुंट्या झिजल्यात. जानेवारीतच मॅनेजर प्रेंटिससाहेबांना सांगितलं होतं. म्हणाले, आधी माल जाऊ दे. तोवर व्हर्नाकडे चांगली लादी पाठव."

"आणि तू पाठवलीस."

"तीच ती पाठवली! दुसरी चांगली मला मिळाली नसती का? वाटलं, दुसऱ्याच आठवड्यात पकडशील."

"तोंड नव्हतं तुला सांगायला?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर."

"त्या बोटीत शंभरावर पोरं असतात, एमेट."



व्हर्ना प्रेंटिसकडे गेलीच नाही. तिने दोन्ही लाद्या नौदलाच्या तपासनिसाच्या टेबलावर ठेवल्या. खोकी अडवली गेली, गेलेली परत मागवली. झिजलेल्या खुंट्यांबद्दल आपल्याला कुणी काही बोललंच नाही, असं प्रेंटिस शपथेवर म्हणाला. एमेटकडे एक ओळही लेखी नव्हती. शेवटी दोघांनाही काढलं.

"त्याला पकडलं जायचं होतं, असं वाटतं तुम्हाला?" तपासनिसाने तिला विचारलं.

लादी तीच होती, हे खरं. पण जुना क्रमांक इतका निगुतीने पुसलेला होता की भिंगातूनही खूण दिसत नव्हती. ज्याला पकडलं जायचंय तो इतकं घासून पुसेल?

"माहीत नाही," ती म्हणाली.

मे महिन्यात किराणा दुकानात एमेट समोर आला, तिच्या दिवंगत नवऱ्याची काहीतरी आठवण काढून हसला. तीही हसली. पण तो बोलत होता तेवढा वेळ ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.