सतरा नंबरचा दगड

शाळेच्या प्रयोगशाळेत जीवाश्मांचे बेचाळीस नमुने आहेत आणि त्यांचं धुणंपुसणं माझ्याकडे. शिंपले, गोगलगायी, कुणाचा तरी एक दात, आणि सतरा नंबरचा करडा दगड, ज्याच्यावर नेच्याचं अख्खं पान उमटलंय. मुलांच्या हातांचे तेलकट डाग पडतात, म्हणून दर शुक्रवारी मऊ टूथब्रश, साधं पाणी आणि मग सावलीत वाळवण. नमुना ब्रशने साफ करायचा, बोटाने नाही, हे मी मुलांना घसा कोरडा होईस्तोवर सांगते. पण सतराच्या पानाच्या मधल्या शिरेत ब्रश नीट जातच नाही. तिथे मी सहा वर्षं अंगठा चालवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझ्या आधी हे काम मामाकडे होतं, पंचवीस वर्षं. सतराच्या डबीवर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'बोट लावू नये.' निवृत्त झाल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. त्याच्या हातांना काही म्हणजे काही कळत नाही. उकळत्या चहाचा पेला तो नुसता धरतो आणि मी फडकं घेऊन मागे धावते. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एक मात्र विचित्र होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच तो विचारायचा, "आज पाणी गार होतं ना गं?" म्हातारा धुण्याचा वार विसरत नाही, एवढंच मी समजायचे.

एका गुरुवारी हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. ऑफिसात बसवून तो पुसला, ओला केला, दाबदाबून पाहिला. त्यात दोन तास गेले. शेवटी कारकून म्हणाला, "बाई, तुमच्या अंगठ्यावर रेघाच नाहीत. दगड घासून घासून साफ केल्यात." मीही हसले. सुईत दोरा ओवताना तो बोटांत आहे की नाही हे मला कित्येक दिवसांत कळलं नव्हतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

परत आले तर ट्रे टेबलावरच होता. दुसऱ्या दिवशी सहावीचा तास होता. तो माझ्या लेकीचा, चिमीचा वर्ग. विज्ञानाच्या बाईंनी बजावलं होतं, "या खेपेला सतरा प्रत्येकाच्या हातात द्यायचा. काचेतून काय कळतं मुलांना?" म्हणून मी सकाळीच नमुने मांडून ठेवले होते. सतरा स्पंजच्या खाचेत उलटा बसला होता, नंबर खाली. तसा मी कधी ठेवत नाही. घाईत ठेवला असेल म्हटलं आणि भिंग घेऊन बसले.

पानाच्या मधल्या शिरेवर बारीक, गोल गोल रेघा होत्या. पानाला तशा रेघा नसतात. त्यांच्यातून एक तिरका चर गेला होता आणि तो मी ओळखला. लहानपणी सुरीने अंगठा कापला होता, त्याची ती खूण. माझ्या अंगठ्यावर पाहिलं तर ती नव्हती.

शाळा सुटली तशी मी दगड रुमालात गुंडाळून घरी आणला. चिमी माझ्याआधीच पोचून आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. मामापुढे दगड ठेवला. त्याने भिंगाला हातही लावला नाही.

"वरच्या टोकाला बघ," तो म्हणाला. "तिथे मी आहे."

"मग फेकला का नाहीस?"

"हात आहे माझा त्यात, कसा फेकू? तू धुतेस तेव्हा तेवढं कळतं मला, पाणी गार आहे की कोमट. बाकी काही नाही." मग हळूच म्हणाला, "चिठ्ठी लावली होती ना."

"चिठ्ठी. तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला?"

मला पुढे भांडवेना. त्याला पंचवीस वर्षं लागली होती, मला सहा. दगडाला सवय होत चालली होती आणि उद्या तो चिमीच्या हातात जाणार होता.

"फोड," मामा म्हणाला. "आपले दोघांचे हात कायमचे जातील. जाऊ देत. पोरीचे राहतील."

मी हातोडी आणली आणि दगड पायरीवर ठेवला. पहिला घाव हलकाच बसला. मामाने ओठ आवळले. माझ्या मेलेल्या अंगठ्यातून कळ गेली.

"सोस," मामा म्हणाला. "एकदाच."

मी हातोडी पुन्हा उचलली.

"आई," आतून चिमीची हाक आली, "माझ्या अंगठ्यावर काहीतरी आपटलं गं."

ती अंगठा चोळत दारात आली. दगड दिसला तशी तिची कळी खुलली. "हा घरी आणलास? बाईंनी तास आजच घेतला, तू ऑफिसात होतीस तेव्हा. पानाला मी कुणाला बोट लावू दिलं नाही हं. ब्रशनेच, म्हटलं, तू सांगतेस तसं. फक्त तू कशी करतेस ते करून दाखवलं."

"कशाने?"

तिने अंगठा वर केला.

मी भिंग धरलं. पानाच्या देठाशी एक इवलासा भोवरा होता, अगदी ताजा. एका तासात.

शाळेच्या नोंदवहीत मी लिहिलं, सतरा नंबर फुटला. तो घरी आहे, कापसाच्या डबीत, सगळ्यात वरच्या फळीवर. माझ्यामागे त्याला कोण जपणार, या विचाराने मी दचकून उठते. रविवारी पाणी तापवते, सगळ्यात मऊ ब्रश घेते. माझ्या बोटांवर आता भरवसा नाही, म्हणून तान्ह्या बाळाचं पाणी पाहावं तसं कोपराने पाहते आणि मग दगड आत सोडते.

"बरं आहे का?" मी विचारते.

मामा मान हलवतो. आतल्या खोलीतून, वहीतलं डोकं वर न काढता, चिमी म्हणते, "थोडं गरम आहे, आई."

मी गार पाणी घालते.