पावणेसात हातांवरचं कडं

मी मोटेचं कडं बोलतोय. लोहारानं मला ठोकून गोल केलं आणि तीर्थपुरीच्या रखमाजींच्या विहिरीवर नऊ वर्षं मी मोटेचं तोंड उघडं ठेवलं. पुढं चामडं कुजलं. नव्या मोटेची वाट बघत मी गोठ्यात खुंटीला गंजत पडलो.

अडतीस साली बिरू हैदराबादेहून परतला. धनगराचा हा ताडमाड गडी तिथं एका नवाबाच्या संघात पगारावर बास्केटबॉल खेळायचा. गुडघा गेला, पाठोपाठ नोकरीही गेली. पण स्वस्थ बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सुगीत जालन्याला होणाऱ्या सामन्यासाठी तो गावातल्या गड्यांना खेळ शिकवू लागला आणि चेंडू टाकायला कडं हवं म्हणून मला मागायला आला.

"सुगीपर्यंत घे," रखमाजी म्हणाले. "जालन्याचा सामना जिंकलात तर कडं तुमचं. न्हाई तर मोटेला परत, आन् मंग माझ्या खळ्यावरचा खेळ बी बंद."

कडं दहा फुटांवर हवं म्हणून बिरूनं आपल्या हातानं पावणेसात हात दोरी मोजली आणि मला खळ्यावरच्या लिंबाला ठोकलं.

खेळणाऱ्यांतला राधाकिसन म्हणाला, "लई उंच वाटून राह्यलं."

"बिलकुल बराबर हाय. हैदराबादेत मी खेळून आल्तो, का तू?"

खरं तर बिरूलाही ते उंचच वाटायचं. उडी पुरायची नाही. पण त्यानं दोष गुडघ्याला दिला.

जालन्यात काय झालं ते मी परतलेल्यांच्या तोंडून ऐकलं. चेंडूमागून चेंडू कड्यावरून पलीकडं गेले आणि सामना हातचा गेला. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्याखाली जमले. रखमाजीही आले.

"तात्या, ह्यांची चूक न्हाई," बिरू रखमाजींना म्हणाला. "तिथलं कडं मी मोजलं. दीड फूट खाली व्हतं. माझा हात लांब, अन् मी त्याच हातानं मोजलं. राधाकिसन सांगून राह्यला व्हता, मी ऐकलं न्हाई. कडं न्या."

शिकवणाऱ्यानं चारचौघांत असं बोललेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"उतरव," रखमाजी म्हणाले.

बिरू लंगडत शिडी चढला. मी खाली आलो. रखमाजींनी मला हातात घेतलं, गंज पुसला, मग बाही सारून आपला आखूड हात पुढं केला.

"आता ह्या हातानं मोज. जल्दी. गडी खोळंबलेत."

मोटेला नवं कडं आलं. मी लिंबालाच आहे, दीड फूट खाली. वाचकहो, इकडून जाताना थांबा, एक चेंडू टाका. बिरू ओरडेल, तर ऐकून घ्या. आताशा तोही ऐकून घेतो.