नऊ ठशांचं कार्ड

मी एक जुना रबरी शिक्का आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, एके काळी गंगापूर रोडवर माझा काय थाट होता! १९९६ साली मनोजशेठनी तिथं कॉफीचं दुकान काढलं आणि मला बनवून आणलं. वर लाकडी मूठ, खाली वाफाळता कप. एका कॉफीला कार्डावर एक ठसा. दहा ठसे झाले की एक कॉफी फुकट.

गिऱ्हाइकं कार्ड हरवतात, म्हणून गल्ल्यावरच्या मंगलाबाई सगळी कार्डं बिस्किटांच्या डब्यात जपत. माणूस दारात दिसला की त्यांच्या हातात त्याचं कार्ड तयार! लोक खूश होत, पुन्हा येत. त्या जोरावर नाशिक रोडला, मग मनमाडलाही शाखा निघाली. मला फार अभिमान वाटे.

सहादू गुरुजी रोज संध्याकाळी येत. नववा ठसा झाला तेव्हा ते म्हणाले, आता थांबा. त्यांच्या पत्नी लताबाई पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या चालायला लागल्या की दहावा ठसा त्यांच्यासमोर मारायचा आणि तो कप त्यांना पाजायचा, असं गुरुजींनी ठरवलं होतं. पुढची चार वर्षं ते कॉफी पीत राहिले, पण ठसा घेतला नाही.

२००५ साली संगणक आला, प्लॅस्टिकची कार्डं आली. मंगलाबाई चैत्रात वणीच्या गडावर गेल्या आणि मागे मनोजशेठनी डबा रद्दीत दिला. मी खणातच होतो. ओरडायला मला तोंड कुठं होतं?

नेमक्या त्याच आठवड्यात गुरुजी लताबाईंना घेऊन आले. त्या काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. गुरुजींनी कौतुकानं कार्ड मागितलं. नव्या मुलीनं संगणकात पाहिलं आणि या नावाचं कुणी नाही म्हणाली. डबा तिला माहीतच नव्हता. गुरुजींची मान खाली गेली.

लताबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणायचात, इथं सगळे ओळखतात तुम्हाला."

दोघं कॉफी न घेताच गेले.

परतल्यावर हे कळलं तेव्हा मंगलाबाई डोळ्यांना पदर लावून रडल्या. एक कोरं कार्ड शोधून त्यांनी गुरुजींचं नाव लिहिलं, नऊ ठसे मारले आणि रोज दाराकडे बघत राहिल्या. गुरुजी आले नाहीत. त्यांचं घर कुठं, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मित्रांनो, दुकानं वाढवा, यंत्रं आणा, माझी तक्रार नाही. फक्त जुनं टाकण्याआधी त्यात कुणी काही जपून ठेवलंय का, तेवढं विचारा.

काम सुटलं तरी मंगलाबाई मला आणि ते कार्ड पिशवीत घेऊन फिरतात. दर सोमवारी पॅडवर शाईचे दोन थेंब टाकतात. बाजारात गुरुजी कुठं भेटलेच, तर मी कोरडा नको.