दोन वकिलांची फी कमावणारा रोलर

मित्रांनो, प्रवासात तुम्ही कधी हॉटेलच्या कडक पांढऱ्या चादरीवर झोपला असाल, तर ती चादर माझ्या किंवा माझ्या एखाद्या भावंडाच्या हाताखालून गेलेली असणार. मी लॉन्ड्रीतला रोलर. दोन लांबलचक रूळ, खालचा गरम आणि वरच्या रुळावर जाड सुती कापड गुंडाळलेलं. एका बाजूने ओलसर चादर आत द्यायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, गुळगुळीत होऊन बाहेर येते. सध्या मी जुनी यंत्रं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून आहे आणि माझ्या रुळांवर कोळ्यांनी संसार थाटला आहे. पण एके काळी माझा थाट काही निराळाच होता.

एका नव्या जोडप्याने साठवलेली सगळी पुंजी मोडून मला विकत घेतलं. मी दारात उतरलो तेव्हा बाईंच्या आईने कपाळाला हात लावला. "अगं, लोक संसारात आधी पलंग घेतात!" त्या म्हणाल्या. त्यावर मालक हसून म्हणाले, "आई, पलंग काही कमावून आणत नाही. हा आमचा थोरला मुलगा समजा." तेव्हापासून त्या घरात मी थोरला झालो. मला त्याचा फार अभिमान वाटे.

माझ्यावर काम करायला दोन माणसं लागतात. बाई पुढे उभ्या राहून चादर तळव्यांनी सारखी करत आत द्यायच्या आणि मालक मागे उभे राहून ती झेलायचे. मग दोघं दोन-दोन कोपरे धरून मागे सरायचे, चादर ताणायचे, आणि घडी घालत एकमेकांकडे चालत यायचे. दिवसातून कितीदा त्यांचे हात एकमेकांना लागत, कोण मोजणार! "हिच्या हातचं सगळं सरळ, फक्त बोलणं तेवढं तिरकं," मालक चिडवायचे. "आणि यांचं नेमकं उलटं," बाई फटकन म्हणायच्या. मग त्यांना मुलगी झाली. जन्मली तेव्हा तिचं तोंड इतकं चुरगळलेलं होतं की मालकांनी तिचं लाडाचं नाव सुरकुती ठेवलं. थंडीत ती माझ्या उबेला बसून अभ्यास करायची. हॉटेलचे व्यवस्थापक चादरीवरून हात फिरवून "वा!" म्हणायचे, तेव्हा ती माझ्याकडे बघून हसायची. किती छान दिवस होते ते.

पुढे मालकांना दूरच्या शहरात पगाराची नोकरी चालून आली. दुकान बंद करून तिकडे जाऊ, असं त्यांचं म्हणणं. बाई जागच्या हलायला तयार नव्हत्या. शब्दाने शब्द वाढला, जुनी उणीदुणी निघाली, आणि एक दिवस मालकांनी घटस्फोटाचा दावा लावला. नोकरी तर तोपर्यंत हातची गेलीच होती. बाईंनीही दावा लढवायचं ठरवलं. "मी काय केलं म्हणून गप्प बसू?" त्या माझ्यापाशी उभ्या राहून स्वतःशीच म्हणाल्या.

आता गंमत ऐका, मित्रांनो. गंमत कसली, माझं दुर्दैवच ते. दोघांनी दोन वकील केले आणि दोन वकिलांना फी द्यायला हवी होती. कमाईचं साधन मात्र एकच, मी! त्यामुळे रोज सकाळी दोघं निमूटपणे आपापल्या जागी उभे राहायचे. बाई चादर आत द्यायच्या, मालक झेलायचे, आणि एकमेकांविरुद्ध लढायला लागणारा पैसा दोघं मिळून कमवायचे. बोलणं बंद होतं. निरोप सुरकुतीकडून जायचे.

"बाबांना म्हणावं, जरा ताणून धरा."

"आईला म्हणावं, मला दोनच हात आहेत, चार नाहीत."

दोघांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि ती बिचारी मध्ये उभी राहून ऐकलेलंच पुन्हा ऐकवायची. सुरुवातीला ती त्यात थोडी मीठमिरची घालून त्यांना हसवू पाहायची. नंतर तिने ते सोडून दिलं.

दाव्याच्या दुसऱ्या वर्षी दोघांनाही कळून चुकलं होतं की आता एकत्र राहणं होणार नाही. वेगळं व्हायला कोणाचीच ना नव्हती. सुरकुतीने कोणाकडे किती दिवस राहायचं, तेही ठरलं. भांडण उरलं ते एवढ्याचसाठी, की दाव्याचा खर्च कोणी द्यायचा. बाई म्हणत, दावा यांनी लावला, माझ्या वकीलबाईंची फी यांनीच भरावी. मालक म्हणत, हिने फाटे फोडले म्हणून लांबलं, माझा खर्च हिने द्यावा. वकीलबाई एकदा दुकानात आल्या होत्या, त्यांनी समजावूनही पाहिलं. "बाई, खर्च कोणावर टाकायचा ते न्यायाधीश ठरवतात. त्याचा भरवसा धरू नका. उलट त्यासाठी जितक्या तारखा पडतील, तितकी माझी फी वाढेल." बाई म्हणाल्या, "वाढू दे. प्रश्न पैशाचा नाहीच." मला मात्र माझ्या रुळांखालून जाणारी प्रत्येक चादर पैशाचीच दिसत होती. मला तेल मिळेना, वरचं कापड जळून पिवळं पडलं, चादरींवर डाग उमटू लागले. शेवटी हॉटेलवाले दुसरीकडे गेले.

आणि निकाल काय लागला? ज्याचा खर्च त्याने सोसावा. बस, एवढाच. तोवर दोन्ही वकिलांची बाकी इतकी थकली होती की मला विकण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

मला न्यायला माणसं आली तेव्हा सुरकुती माझ्यावर चढून बसली. "उतर बाळा," मालक म्हणाले. "उतर गं," बाई म्हणाल्या. ती माझा दांडा घट्ट धरून म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोला. मगच उतरेन." मला वाटलं, आता काहीतरी होईल. मला कुणी नेणार नाही.

मालक बाईंकडे बघून म्हणाले, "तिला खाली घे."

"घेते," बाई म्हणाल्या.

ते दोघं एकमेकांशी बोलले होते. सुरकुती शब्दाची पक्की. ती उतरली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल आणि कोणाशी तरी भांडाल. खुशाल भांडा. पण मध्ये एखादं लेकरू उभं करू नका. समोरासमोर, आपल्याच घरात, फुकटात भांडा.