‘फक्त’ची शिवी

कवळ्या बनवणाऱ्याच्या टेबलावर तोंडं भरपूर असतात, बोलणारं मात्र एकही नसतं. मामासमोर दिवसभर प्लास्टरचे जबडे मांडलेले असायचे, कोणाचे चार दात गेलेले, कोणाची अख्खी बत्तीशी. दाताचे डॉक्टर साचे पाठवायचे, मामा गुलाबी मेणात दात बसवायचा आणि ती तोंडं आपापल्या माणसांकडे निघून जायची. माणसं त्याला कधी दिसायचीच नाहीत. कवळ्यांच्या त्या कारखान्याची मालकीणबाई बाहेरच्या खोलीत सदा फोनवर, आणि घरी कुलूप. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ दुसऱ्या गावाहून अधूनमधून फोन करायचा, ‘कसा आहेस’ म्हणायचा आणि उत्तर यायच्या आत स्वतःचं पुराण सुरू करायचा.

हा ‘मामा’सुद्धा कोणाचा सख्खा मामा नव्हता. ते नाव त्याला मोबाइलवरच्या एका खेळात मिळालं. ‘नावाडी’ नावाचा तो खेळ. एका नावेत दोन खेळाडू, प्रत्येकाकडे एक वल्हं. दोघांनी ताल धरला तर नाव पुढे जाते, एकट्याने मारलं तर गोल गोल फिरत बसते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नावेत एक अनोळखी मुलगी येऊन बसली आणि पहिल्याच फेरीत तिने लिहिलं, “ओ मामा, झोपलात काय? मारा की वल्हं!” त्या दिवसापासून तो मामा आणि ती भाची. ती कुठल्याशा कापडाच्या गोदामात घड्या घालायची, तिची जेवणाची सुट्टी त्याच्याच वेळेला असायची. एवढं समजलं, आणि चौकशी तिथेच थांबली. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने वल्हं, असा रोजचा अर्धा तास. दिवसभरात मामावर हक्काने ओरडणारं माणूस तेवढंच, आणि ते ओरडणं त्याला फार गोड लागायचं.

खेळात मराठी अक्षरं चालत नसत, म्हणून दोघं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. मामाचं स्पेलिंग त्याच्या मास्तरांच्या काळातलं. ‘बस’मध्ये यू येतो, ‘कप’मध्ये यू येतो, मग ‘फक्त’मध्येही यूच आला पाहिजे, हा त्याचा सरळ हिशेब.

मग कंपनीने खेळ ‘सुधारला’. धड चाललेली गोष्ट या लोकांना बघवत नाही. होड्यांचे रंग बदलले, नदीत उगाच मगरी सोडल्या आणि शिव्या पकडणारी एक गाळणी बसवली. त्याच आठवड्यात भाचीने विचारलं, “एवढे पट्टीचे खेळाडू पडलेत, मामा. तुम्ही माझ्याबरोबरच का खेळता हो?”

मामाने हातातला घास खाली ठेवला. असं काही त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने जपून, एकेक अक्षर दाबत लिहिलं, “फक्त तू आहेस म्हणून.”

गाळणीला त्यातले पहिले दोन शब्दच पुरले. मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे गाळणीच्या इंग्रजी कानांनी काय ऐकलं ते कळेल. वाक्य गायब झालं. त्या जागी दोघांच्याही पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘या खेळाडूने आपल्या साथीदाराला अश्लील शिवी दिली आहे. त्याला खेळातून काढण्यात येत आहे.’ मामाने ते दोनदा वाचलं, तोवर पडदा काळा झाला होता.

खेळ गेला याचं त्याला एवढं काही वाटलं नाही. पण ती लाल अक्षरं भाचीनेही वाचली होती. मामाने आपल्याला शिवी दिली असं धरून ती पोर बसली असेल.

नव्या नावाने शिरून पाहिलं, तर तिने अनोळखी लोकांसाठी दार बंद केलेलं. मग कंपनीला कळवलं: मी अमुक शब्द लिहिला होता, त्याचा अर्थ असा असा. उत्तर लगेच आलं. तक्रारीत अश्लील शब्द आढळल्याने तक्रार फेटाळण्यात आली आहे! आता शब्द लिहायचा नाही आणि शब्दाबद्दलच सांगायचं, म्हणजे करायचं काय माणसाने? मामाने पुन्हा कळवलं, पुन्हा तेच. विनवण्या करून दातांच्या कण्या केल्या असत्या, पण समोर कोणाचं तोंडच नव्हतं.

खेळाडूंचा एक कट्टा होता, कंपनीच्याच संकेतस्थळावर. तिथे सगळे मगरींच्या नावाने खडे फोडत होते. कंपनीतर्फे उत्तरं द्यायला एक बाई नेमलेली, तिला सगळे ‘मधाची बाटली’ म्हणत. कोणी काही म्हणो, ती लिहायची, “आम्ही ऐकतो आहोत!” पुढे एक हसरा चेहरा. मामाने आपली कहाणी मांडली तेव्हा त्यालाही तेच मिळालं, चेहऱ्यासकट.

भाऊ फोनवर म्हणाला, “अरे, खेळच ना तो? दुसरा घे.”

“ती मला शिवराळ समजते रे.”

“कोण ती?”

मामाने फोन ठेवला. भाची म्हणावं तर भावाने विचारलं असतं, कोणाची.

शेवटी त्याला सुचलं ते त्याच्या हातातलंच. गुलाबी मेणाची पट्टी घेतली, कोरणीने तिच्यावर देवनागरीत ‘फक्त’ कोरलं, खाली इंग्रजीत अर्थ कोरला आणि फोटो काढून पाठवला. गाळणीला चित्र वाचता येत नसावं, कारण फोटो थेट मधाच्या बाटलीपर्यंत पोहोचला. तिचं पहिल्यांदाच बिनहसऱ्या चेहऱ्याचं उत्तर आलं. चूक आमची आहे, माफ करा. तो शब्द गाळणीतून वगळला आहे, खातं पूर्ववत केलं आहे, सोबत सोन्याचं वल्हं भेट. कट्ट्यावर तर जल्लोषच झाला. कंपनीला नमवणारा मामा म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मामाने त्यातलं काही वाचलं नाही. तो जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत होता.

भाची नदीत एकटीच होती. नाव जागच्या जागी फिरत होती.

“भाचे, ती शिवी नव्हती गं,” त्याने घाईघाईने लिहिलं. “फक्त तू आहेस म्हणून, असं म्हणालो होतो. ती गाळणी गाढव आहे. मी किती भांडलो त्यांच्याशी!”

नाव थांबली.

“अच्छा,” भाचीने लिहिलं.

“रागावली होतीस ना?”

“नाही हो.”

“रडलीस?”

“नाही. मला काही वेगळं वाटलंच नाही, मामा. सगळे देतात कधी ना कधी. तुम्हाला दोन वर्षं लागली, एवढंच आलं मनात. मग सुट्टी संपली, मी कामाला लागले.”

इतके दिवस मामा मनाशी तिला रागावलेली पाहत होता, रुसलेली पाहत होता. आपल्यावाचून तिचं अडलंय असंही, खरं सांगायचं तर, पाहत होता. आपण निर्दोष आहोत हे पटवायला त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. आणि तिने मात्र डबा बंद करून पुढच्या कापडाची घडी घातली होती.

सोन्याचं वल्हं पडद्यावर लखलखत होतं. त्याची त्याला लाज वाटली. त्याने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, तेही खोडलं.

“कोण देतं गं तुला शिव्या?” शेवटी त्याने विचारलं.

पलीकडे काहीतरी लिहिलं जातंय अशी खूण आली. ती मिटली. पुन्हा आली, आणि बराच वेळ तशीच राहिली. बाहेरून मालकीणबाईने हाक मारली, “अहो, सुट्टी संपली ना? डॉक्टरांचा माणूस कवळी न्यायला आलाय!”

मामा उठला, आतून कडी घातली आणि परत येऊन फोनसमोर बसला.