मास्तरांचे वाकडे टाके

कपड्यांची फॅक्टरी बंद पडली, तेव्हा वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मावशींनी शिलाई मशीन सोडून वेल्डिंगचा रॉड हातात धरला. लोकांनी तोंडात बोटं घातली. घालू देत बापडे! घरात त्या एकट्याच मिळवत्या होत्या. गेट-ग्रिल बनवणारा एक कारखानदार त्यांना कामावर घ्यायला तयार होता, पण वेल्डिंगच्या वर्गातली शुक्रवारची परीक्षा पास झाल्या तरच.

त्यांचा जोड बघून अख्खा वर्ग माना डोलवायचा. सरळ, बारीक, एकसारखा. पण वर्गाच्या मास्तरांची रीत अशी, की जोड कितीही देखणा असो, जोडलेली लोखंडी पट्टी वाइसच्या पकडीत आवळायची आणि हातोड्याने वाकवायची. मावशींचा जोड सोमवारी काडकन मोडला, मंगळवारीही मोडला. बुधवारी त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसरा कुणी मास्तर असता तर 'आता वय झालं' म्हणून मोकळा झाला असता. या भल्या माणसाने तीस वर्षांचा अनुभव खुंटीला टांगला आणि आपला उसवलेला कातडी एप्रन मावशींपुढे ठेवला.

"मला शिवायला शिकवा."

"गरिबाची थट्टा करता होय मास्तर?"

"शिकवा हो. तुमचा हात कसा चालतो ते मला कळू दे."

मावशींनी दाभण दिलं. मास्तर तासभर बोटं टोचून घेत राहिले. टाके असे वेडेवाकडे, की मावशींना हसू आवरेना.

"अहो, घाई कसली? दाभण पलीकडे निघालं का बघा, मग ओढा. मशीनची सुई आपसूक आरपार जाते, हाताने शिवताना मात्र..." मावशी बोलता बोलता थांबल्या.

मास्तर गालातल्या गालात हसले. "तुमच्या हातात अजून मशीनच बसलंय. इथे लोखंड वितळून पलीकडे पोचेपर्यंत थांबावं लागतं."

शुक्रवारी मावशींनी रॉड सावकाश नेला. जोड जरा जाडाभरडाच आला. मास्तरांनी घाव घातले. एक, दोन, तीन. पट्टी दुमडली, जोड मात्र जागचा हलला नाही. "पास!" मास्तर ओरडले. मावशींनी आधी पट्टी उलटी करून मागची बाजू पाहिली, मगच त्यांना रडू फुटलं.

"द्या तो एप्रन," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "उसवून नीट शिवून देते."

मास्तरांनी एप्रन छातीशी घट्ट धरला. "हात लावू नका. पुढच्या बॅचमध्ये कुणी रडायला लागलं, की हे टाके दाखवायचेत मला."